झेडपी शाळेच्या समितीत बसायचंय? मग आधी ठराव लिहायला शिका

२०१९ ची गोष्ट. मी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते आणि शाळेतला एक पोरगा रजिस्टर घेऊन दारात. "काकू, सरांनी इथं सही करायला सांगितलीय." वर तारीख, खाली ओळीनं नावं, त्यात माझंही, आणि मधलं अख्खं पान कोरं. हातात कात्री, डोक्यात गिऱ्हाइकाची घाई, मी केली सही. गल्लीतल्या अजून तिघींनी केली. दोन महिन्यांनी कळलं की मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे, आणि त्या कोऱ्या पानावर नंतर लिहिलं गेलं की सभा झाली, चर्चा झाली आणि खर्चाला सर्वानुमते मंजुरी दिली. सभा झालीच नव्हती. म्हणजे झाली होती, माझ्या शिलाई मशीनवर.

पुढं २०२३ ला मी रीतसर निवडून समितीत गेले, तेव्हा जे शिकले ते सगळं इथं लिहितेय. हे झेडपी, नगरपालिका, महापालिका आणि अनुदानित शाळांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित इंग्लिश मीडियमवाल्यांचं पालक शिक्षक संघ आणि फी वगैरे वेगळं प्रकरण आहे, त्यांनी हे वाचून हेडमास्तरांशी भांडायला जाऊ नका.

आधी ही समिती म्हणजे काय ते समजून घ्या

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. त्याआधी गावात ग्राम शिक्षण समिती असायची आणि तिथं बहुतेक गावचे पुढारीच बसायचे, ज्यांची स्वतःची पोरं तालुक्याला शिकायला. कायद्यानं ते उलटं केलं, आता समितीत किमान ७५ टक्के लोक शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडीलच पाहिजेत आणि एकूण समितीत निम्म्या बायका पाहिजेत. अल्पसंख्याक शाळा असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर समिती फक्त सल्ला देऊ शकते. बाकी ठिकाणी कामं तीन मोठी: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा बनवणं, आणि आलेलं अनुदान कुठं खर्च होतंय ते बघणं.

महाराष्ट्रात याचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आहे १७ जून २०१० चा. त्यात १२ ते १६ सदस्य सांगितलेत. १२ ची समिती धरली तर ९ पालक, उरलेले तीन म्हणजे एक ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक (शिक्षकांनीच निवडलेला) आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासातला जाणकार. मुख्याध्यापक सदस्य सचिव, ते या १२ च्या बाहेर. शिवाय दोन विद्यार्थी बसतात, त्यांना मत नसतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुदत दोन वर्षं आणि बैठक महिन्याला एक. मधे मधे नवीन जीआर येत राहतात, समित्या जोडल्या जातात, तोडल्या जातात, म्हणून पहिल्याच बैठकीत सरांकडे "ताजा जीआर कुठलाय, त्याची झेरॉक्स द्या" एवढं मागून घ्या.

निवड कशी होते आणि तिथं काय बघायचं

निवड पालकसभेत होते. कायद्यात तरी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नावं आदल्या दिवशी ठरलेली असतात आणि सभेत फक्त वाचून दाखवतात, म्हणून खरं काम सभेच्या आधीच आहे. जून-जुलैत शाळेत जाऊन विचारा की आत्ताच्या समितीची मुदत कधी संपते. उत्तर मिळालं नाही तर समितीच्या फलकावर बघा, नावं आणि तारीख लावलेली असायला पाहिजे. मग सभेची नोटीस कधी निघणार ते विचारा आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, कारण दवंडी आता कोणी देत नाही आणि मुलांच्या वहीत लिहिलेली नोटीस वहीतच राहते.

सभेची वेळ हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे हो. सकाळी ११ ला सभा ठेवली की मजुरीला जाणारी एकही बाई येणार नाही, तिची ३०० रुपये रोजाची बुडती आणि वर मुकादमाची बोलणी. आमच्याकडं निम्मं गाव दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं, कोयता घेऊन गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. सप्टेंबरात निवडलेल्या समितीतले चार सदस्य नोव्हेंबरात कर्नाटकात. मग काय करायचं? दोन गोष्टी. एक, निवड जुलै-ऑगस्टातच घ्या, सगळे गावात असताना. दोन, ऊसतोडवाल्या पालकांना वगळू नका, त्यांच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, फक्त त्यांच्या जोडीनं गावात राहणारे पालकही त्याच वर्गातून घ्या. बीडसारख्या जिल्ह्यात त्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं चालतात ती समितीमार्फतच चालतात, आता ज्याचं पोरगं तिथं जेवणार तोच समितीत नसेल तर जेवणाकडं बघणार कोण.

प्रत्येक इयत्तेचे पालक आलेत का, वस्तीवरचे, तांड्यावरचे, मागासवर्गीय घरातले पालक मुलांच्या प्रमाणात आलेत का, हे बोटांवर मोजा. नसतील तर तिथंच उभं राहून म्हणा की जीआरप्रमाणे नाही, लिहून घ्या. आणि बायांनो, नाव तुमचं आणि बैठकीला नवरा, हे करू नका. माझ्या घरीही पहिल्या बैठकीला हेच झालं होतं, "तू काय बोलणार तिथं, मी जाऊन येतो". मी म्हटलं जा, पण सही मी करणार नाही, मग बघा काय होतंय ते.

पहिल्या महिन्यात जमवायचे कागद

निवडून आल्यावर लगेच भाषण नको, तक्रार नको. एक साधी फाइल घ्या. त्यात: समिती स्थापनेचं इतिवृत्त, सदस्यांची यादी, मागच्या दोन वर्षांचं इतिवृत्त रजिस्टर (निदान वाचून काढा), अनुदानाची नोंदवही आणि शाळेचं यू-डायस रिपोर्ट कार्ड. हे शेवटचं मोबाइलवर कुणालाही बघता येतं, प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस नंबर असतो, तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर किंवा निकालपत्रावर सापडतो. त्यात शाळेनं सरकारला काय काय आहे म्हणून कळवलंय ते असतं: खोल्या, संडास, नळ, कंपाउंड, रॅम्प, ग्रंथालय, शिक्षक किती, मुलं किती.

आता हे कार्ड हातात घेऊन शाळेत एक चक्कर मारा. आमच्या कार्डावर मुलींचं स्वच्छतागृह "चालू" होतं. होतंही तसं, भिंती होत्या, दार होतं, नवीन फरशी होती. नळ फिरवला तर फक्त हवेचा आवाज. मुली दुपारच्या सुट्टीत घरी पळायच्या आणि सहावी-सातवीतल्या त्या चार दिवसांत यायच्याच नाहीत. मागच्या समितीच्या चोवीस बैठकांत एकदाही हा विषय आलेला नव्हता. म्हणजे आला असेल बोलण्यात, पण रजिस्टरात नव्हता, आणि तालुक्याच्या ऑफिसात रजिस्टराबाहेरचं काहीच चालत नाही.

बैठक आणि ठराव, इथं जरा थांबून वाचा

बैठकीच्या आधी चार-पाच दिवस नोटीस निघाली पाहिजे आणि त्यात विषय लिहिलेले पाहिजेत. तुमचा विषय असेल तर नोटीस निघायच्या आधी सरांना कागदावर द्या. "आयत्या वेळचे विषय" यात टाकलेला विषय चहा येईपर्यंतच जगतो.

बैठकीत बोलणं सगळ्यांना येतं. लिहिताना मात्र गंमत होते. आमच्या पहिल्या बैठकीत त्या संडासावर पाऊण तास बोलणं झालं, दोघी तर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टरात एवढंच: "स्वच्छतागृहाबाबत चर्चा करण्यात आली." बस्स. या वाक्याचं कोणी काही करू शकत नाही, कारण त्यात कुणी काय करायचं तेच नाही. पुढच्या महिन्यात मी घरून लिहून नेलं आणि सरांना म्हटलं असंच उतरवा:

"ठराव क्र. ४. मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याची जोडणी नसल्याने मुली त्याचा वापर करत नाहीत. ग्रामपंचायतीकडे पाइपलाइन जोडून देण्याची लेखी मागणी मुख्याध्यापकांनी येत्या १५ तारखेपर्यंत करावी व पत्राची पोच पुढील बैठकीत ठेवावी, असे सर्वानुमते ठरले." खाली सूचक एकीचं नाव, अनुमोदक दुसरीचं.

बघा यात काय काय आहे. अडचण काय, मागणी कुणाकडं, करणार कोण, कधीपर्यंत, आणि झालं का नाही ते कळणार कसं. पाच गोष्टी, चार ओळी. पुढच्या बैठकीत पहिला विषय मागच्या ठरावांवर काय झालं हा घ्यायचाच. सरांना सुरुवातीला राग आला, मग त्यांनाच बरं वाटायला लागलं, कारण ग्रामपंचायतीत "समितीचा ठराव आहे, माझं काही नाही" असं म्हणायला त्यांना आधार मिळाला. हेडमास्तर एकटा माणूस असतो, त्याला सरपंचाशी वाकडं घेता येत नाही. समितीला येतं.

सहीचे माझे नियम साधे आहेत. लिहून संपल्याशिवाय सही नाही. शेवटच्या ओळीनंतर जागा उरली असेल तर तिरकी रेघ मारायची. पटलं नाही तर "माझा विरोध" असं लिहून सही करायची, उठून जायचं नाही. घरी रजिस्टर आलं तर परत पाठवायचं. आणि बैठक संपली की त्या पानाचा मोबाइलवर फोटो, लगेच, सरांसमोरच. चोरून कशाला.

वाचता न येणाऱ्या सदस्य असतील तर इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आमच्याकडं आता विद्यार्थी सदस्यच वाचतो, सातवीतला पोरगा, खणखणीत वाचतो आणि सरांचं शुद्धलेखनही काढतो.

पैसा

शाळेला मोठा पैसा येत नाही, पण येतो तेवढा तरी कळला पाहिजे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान असतं, पटावर ठरतं. निकष असे: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यावर एक लाख. हे वर्षाचं, आणि हे निकष झाले, दरवर्षी पूर्ण आणि वेळेवर पडेलच असं धरून चालू नका. यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा असतो. लाइट बिल, खडू, दुरुस्ती, झाडू, सगळं त्यातच, त्यामुळं "२५ हजार गेले कुठं" म्हणून ओरडायच्या आधी लाइट बिलाचा आकडा बघा, आम्ही बघितला तेव्हा जरा खाली बसलो.

पैसे आता ऑनलाइन सुटतात, चेकवर सही करायचा प्रसंग कमी येतो. पण खर्चाचा ठराव लागतोच. खर्चाआधी ठराव, मग दरपत्रकं, मग खरेदी, मग पावती समितीपुढं. हा क्रम उलटा झाला की समजायचं कुठंतरी पाणी मुरतंय, किंवा सर घाईत होते, दोन्ही असू शकतं, म्हणून आधी विचारा, आरोप नंतर.

गणवेशाचं जरा जास्त सांगते कारण तो माझा धंदा. एका मुलाला वर्षाला दोन गणवेश, त्याचे ६०० रुपये, म्हणजे एकाला ३००. आधी हे समितीच खरेदी करायची. मग २०२४-२५ ला राज्यानं "एक राज्य एक गणवेश" काढलं, कापड एकाच ठिकाणाहून, शिलाई महिला बचत गटांकडं. त्या वर्षी आमच्या शाळेत १५ ऑगस्टच्या झेंड्याला निम्मी पोरं मागच्या वर्षीच्या आखूड चड्डीत उभी होती. राज्यभरातून ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून २०२५-२६ पासून खरेदी परत समित्यांकडं दिली. म्हणजे आता जबाबदारी तुमची.

३०० रुपयात भारी कापड येत नाही हे मान्य करून पुढं जा. पण दुकानदार नमुना दाखवेल तेव्हा त्यातला एक वीतभर तुकडा मागून घ्या, कडा पेनानं आखा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी वाळवून परत मोजा. बोटभर आटलं तर तो गणवेश दिवाळीपर्यंत पोराच्या गुडघ्यावर जाणार. पाण्याला रंग आला का तेही तिथंच दिसतं. शिवलेला नमुना आला की उलटा करून बघा: बाजूच्या शिवणीत दाब, म्हणजे आतलं जादा कापड, किती ठेवलाय, खाली दुमड किती. वाढत्या अंगाच्या पोराला बाजूला एक इंच दाब आणि खाली दोन इंच दुमड तरी पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सोडता येतं. आतल्या कडांना ओव्हरलॉकची शिलाई नसेल तर तिसऱ्या धुण्याला धागे निघतात. मापं प्रत्येक मुलाची घ्यायला लावा, "इयत्तेप्रमाणे साइज" ही दुकानदाराची सोय आहे, चौथीत काडीपैलवानही असतो आणि गोबरा गणपतीही. आणि शेवटचा नमुना समितीकडं सील करून ठेवा, माल आला की त्याच्याशी ताडून बघायचा.

मी समितीत असताना शाळेच्या शिलाईचं काम घेतलं नाही. लोक म्हणाले तूच चांगली शिवतेस, घे की. पण मग दाब बघायचा कुणी?

खिचडीच्या वेळी जा

पोषण आहाराचं बघायला फार अक्कल लागत नाही, वजनकाटा लागतो. पहिली ते पाचवीला दिवसाला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. समजा लहान वर्गात आज ५२ मुलं हजर, म्हणजे ५ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिजायला पाहिजे. न सांगता साडेदहाला जा, हजेरी बघा, तांदूळ मोजताना उभं राहा. जेवताना ताटं मोजा. हजेरीत ५२ आणि ताटं ४१ असतील तर प्रश्न विचारा. मुलांना वाढायच्या आधी मोठ्यांनी जेवण चाखून चव रजिस्टरात नोंद करायची असते, त्यात समितीच्या सदस्यांनीही पाळीपाळीनं जावं, आम्ही आठवड्याचे वार वाटून घेतलेत.

एक विनंती, स्वयंपाकाच्या ताईवर खेकसू नका. गॅस, पाणी, डाळ, मसाला यातलं तिच्या हातात थोडंच असतं आणि मानधन म्हणाल तर तेवढ्यात कुणी भांडी पण घासणार नाही. वरण पाणीदार का, तर डाळ संपलीय आणि पुढचा माल आला नाही, असं निघतं बऱ्याचदा. मग ठराव डाळीचा करायचा, ताईचा नाही. आणि भातात खडा सापडला की लगेच फोटो व्हायरल, हे पण नको, आधी साठा रजिस्टर, मग पोत्यावरची तारीख, मग तक्रार. फोटो काढा, पण फाइलीत ठेवा.

शिक्षक कमी आहेत तेव्हा

गावात सगळ्यात जास्त तापणारा विषय हाच. कायद्याच्या परिशिष्टात आहे की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक. वरून संचमान्यता नावाचं गणित असतं, कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते त्यात ठरतं, त्यातल्या १५ मार्च २०२४ च्या जीआरवरून राज्यभर ओरड झाली कारण सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला की तिथला शिक्षकच जातो. ३० सप्टेंबरचा पट यात फार महत्त्वाचा. म्हणून ऑगस्टातच वाडीवस्तीवर फिरून शाळेबाहेरची मुलं, दाखला न काढता गेलेली, आधार अपडेट नसलेली, सगळी नावं नीट करून घ्या. दोन मुलांच्या आधारच्या घोळावरून एक शिक्षक गेलेला मी शेजारच्या वस्तीवर बघितलाय.

पद मंजूर आहे पण माणूस नाही, हे वेगळं. कायदा म्हणतो मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी नकोत. आणि पद भरलेलं आहे, पगारही इथूनच निघतो, पण सर "कामगिरीवर" दुसऱ्या शाळेत, हे तिसरं. आमच्याकडं हे तिसरं होतं. कलम २७ प्रमाणं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावता येत नाही, पण दुसऱ्या शाळेत शिकवायला पाठवलं तर ते कलम लागत नाही, तिथं पटाचा हिशोब मांडावा लागतो. आम्ही मांडला. ठराव केला, सोबत वर्गवार पट, कोण किती वर्ग एकत्र घेतंय त्याचा तक्ता, आणि केंद्रप्रमुखांकडं दिला. पोच घेतली. पंधरा दिवसांनी विस्तार अधिकारी. मग गटशिक्षणाधिकारी, पंचायत समितीत आवक-जावकला नंबर टाकून घेतला. तिथून जिल्ह्याला शिक्षणाधिकारी प्राथमिक. कलम ३२ खाली लेखी तक्रार दिली तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, नाही पटलं तर बालहक्क आयोगाकडं अपील. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, सर चौथ्या महिन्यात परत आले. थोडा ठराव, थोडं त्या दुसऱ्या गावातही भांडण लागलं होतं म्हणा.

शाळेला टाळं ठोकायची घाई पोरांनाच महागात पडते. पण कधी रस्त्यावर यावं लागतंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळा बंद केली म्हणून शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती, "दप्तर घ्या, बकऱ्या द्या" म्हणत. ते सगळ्या राज्यानं बघितलं. माझं म्हणणं एवढंच की तसं जायची वेळ आलीच तर बगलेत पोच घेतलेल्या पत्रांची फाइल असू द्या, साहेब पहिला प्रश्न "आधी लेखी कळवलं होतं का" हाच विचारतात.

आराखडा आणि ग्रामसभा

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षावर्षाचे तुकडे. पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या, दुरुस्ती, पैसा, हे त्यात येतं आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार पाहिजे, म्हणजे डिसेंबरात. खरं सांगायचं तर बहुतेक शाळांत मागच्या वर्षीची प्रत काढून तारीख बदलतात. तुम्ही एक संध्याकाळ द्या. मुलांना विचारा काय पाहिजे, आमच्या पोरांनी संगणक नाही मागितला, मैदानातली बाभळीची मुळं काढून द्या म्हणाले, पाय अडकून पडायला होतं.

मग त्यातलं ग्रामपंचायतीकडून होण्यासारखं वेगळं काढा: कंपाउंड, पाणी, रॅम्प, मुरूम, खोलीची गळती. ग्रामपंचायतीचा स्वतःचा विकास आराखडा असतो, वित्त आयोगाचा निधी असतो, त्यात शाळेचं काम बसतं, पण नाव आधी घातलेलं पाहिजे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला समितीचा ठराव घेऊन जा आणि तो ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये घ्यायला लावा, ग्रामसेवकाशेजारी बसूनच. आमच्या संडासाची पाइपलाइन अशीच आली. आठ महिने लागले, दोनशे फूट पाइप.

लोकवर्गणी काढली तर पावती पुस्तक करा, रक्कम शाळेच्या खात्यात, आणि फलकावर नावासकट हिशोब. वर्गणी दिली नाही म्हणून कुठल्या मुलाला वेगळं बसवलं, दाखला अडवला, असं होऊ देऊ नका.

शिकवण्यात किती बोलायचं

कमी. पण बघायचं जरूर. महिन्यातून एकदा दुपारी तिसरीच्या दोन-तीन मुलांना ओट्यावर बसवून पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा, हातच्याची एक बेरीज द्या. वर्गात, शिक्षकांसमोर, परीक्षा घेतल्यासारखं नाही. अडखळत असतील तर बैठकीत कुणाचंही नाव न घेता "तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं ते पुढच्या बैठकीत सांगा" असा विषय ठेवा. वर्गात घुसून बाईंना सर्वांसमोर बोललात तर त्या दिवशी तुम्ही जिंकाल, उरलेलं वर्ष तुमचं पोरगं त्या बाईंकडंच आहे. मारहाण मात्र वेगळी गोष्ट, कलम १७ प्रमाणं ती बंद आहे, तिथं लगेच लेखी द्या.

आणि मुलीच्या किंवा मुलाच्या अंगाशी कुणी खेळलं असं कानावर आलं तर समितीची बैठक बोलवत बसू नका. समितीनं चौकशी करून मिटवायचा हा विषय नाहीच. थेट पोलीस, किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ च्या प्रकारानंतर तक्रारपेटी, कॅमेरे, सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची) याबद्दल शाळांना बरेच आदेश निघालेत, आपल्या शाळेतली पेटी कुणाच्या चावीनं उघडते आणि शेवटची कधी उघडली एवढं तरी विचारा. आमच्या पेटीत एक चिमणीचं घरटं आणि एक चिठ्ठी निघाली. चिठ्ठी खिचडीत वटाणे घाला अशी होती, पण तिच्यावरची तारीख एक वर्षापूर्वीची.

सरळ मागून कागद मिळालाच नाही तर

माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवावा लागतो, त्यामुळं "शाळेची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक शाळेला २०२४-२५ मध्ये मिळालेलं संयुक्त शाळा अनुदान आणि त्याच्या खर्चाच्या पावत्यांच्या प्रती" असं नेमकं लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. पण आधी दोनदा बैठकीत तोंडी आणि एकदा लेखी मागा. गावातल्या गावात पहिल्याच झटक्याला माहिती अधिकार टाकला की सगळे शिक्षक तुमच्याकडं बघून गप्प होतात, आणि ते गप्प झाले की तुम्हाला खरं काही कळायचं बंद होतं.

मुदत संपताना

दोन वर्षं झाली की नवीन समिती येते आणि सगळं परत पहिल्यापासून. म्हणून जाताना आम्ही एक केलं. सगळ्या ठरावांची एक यादी, कुठला झाला, कुठला अर्धवट, कुठल्या पत्राची पोच कुठं आहे, हे दोन वह्यांत लिहिलं, एक शाळेत आणि एक नव्या अध्यक्षांना. नवीन अध्यक्ष तांड्यावरची आहे, लिहायला वाचायला थोडं अडतं, पण वही रोज पोराकडून वाचून घेते. परवा दुकानात आली होती परकराचं माप द्यायला. म्हणाली, "ताई, सरांनी रजिस्टर घरी पाठवलं होतं, मी परत धाडलं. बरोबर केलं ना?"